चौदा जणांची यादी

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या मंगल कार्यालयात साईनाथ गुरवने आपली माणसं मोजली, तर ती पंधरा भरली. सकाळी गोदीच्या गेटवर मिनीबसमध्ये बसवली होती चौदा.

साईनाथ नौदल पोलिसात पेटी ऑफिसर होता. जहाज बंदराला लागलं की पोरं लिबर्टीवर, म्हणजे बाहेर फिरायच्या सुट्टीवर सुटतात. ती कुठे पिऊन लोळत नाहीत ना, कुणाशी भिडत नाहीत ना, ठरल्या वेळेला परत येतात ना, हे बघायचं त्याचं काम. अकरा वर्षं तो हेच करत होता. बारमधून पोरं उचलून आणली होती, टॅक्सीवाल्यांशी लागलेली भांडणं सोडवली होती. एकाला तर वरळीच्या एका लॉजमधून झोपलेला तसाच चादरीसकट गाडीत घातला होता. माणूस कमी भरणं त्याला नवीन नव्हतं. कमी भरला की कुठे शोधायचं हे त्याला पाठ होतं. जास्त भरला तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आजची ड्युटी तशी सोपी होती. जहाजावरच्या कमलेश केणेचं लग्न. कमलेश मोहन्याचाच. मित्रांनी वर्दीत यावं, स्टेजसमोर दोन रांगा करून आपल्याला आणि बायकोला सलामी द्यावी, अशी त्याची भारी हौस. कप्तानांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर: सोबत नौदल पोलिसांचा माणूस जाईल आणि रात्री आठच्या आत सगळे गेटवर हजर. साईनाथ डोंबिवलीला राहतो, तिकडचे रस्ते त्याला माहीत, म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडलं.

अक्षता पडल्या, सलामी झाली. पांढऱ्या वर्दीतली पोरं दोन रांगांत ताठ उभी राहिली तेव्हा साईनाथलाही बरं वाटलं. सगळं कार्यालय मोबाईल वर करून शूटिंग करत होतं. रांगा मोडल्यावर त्याने सवयीने माणसं मोजली. पंधरा. डीजेच्या आवाजात आपलं काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजली. पुन्हा पंधरा. तेवढ्यात बाहेर सटकलेले दोघं कार्यालयामागे प्लास्टिकच्या ग्लासातून बिअर पिताना सापडले. त्यांना त्याने कानाला धरून आत आणलं आणि तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हा चौदा. तो जरा निवांत झाला. तेवढ्यात एक जण हात पुसत बाथरूममधून बाहेर आला.

त्याने खिशातून यादी काढली आणि एकेकाला नावाने हाक मारली. चौदा नावं, चौदा ‘यस सर’. यादी बरोबर, माणसं बरोबर, आणि तरी एक टोपी जास्त.

“तो खांबाजवळचा कोण रे?” त्याने थॉमसला विचारलं.

“सर, वो इंजिन रूम का है. नया आया है.”

पाच मिनिटांनी त्याने बिष्टला विचारलं. बिष्ट म्हणाला, दुसऱ्या जहाजावरचा आहे, कमलेशचा बॅचमेट. तिसरा म्हणाला, विशाखापट्टणमहून सुट्टीवर आलाय. चौथ्याने तर डोळे मोठे करून उलट विचारलं, “कौन, सर? मुझे तो कोई दिख नहीं रहा.” तो समोर दहा फुटांवर जिलेबी खात उभा होता.

पोरं खोटं बोलतात हे साईनाथला नवीन नव्हतं. पण खोटं बोलताना ती एकमेकांकडे बघून आधी जुळवून घेतात. इथे प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे ठरवून केलेलं नाही, पण सगळे कुणालातरी पाठीशी घालतायत. कुणाला आणि कशासाठी, ते काही केल्या त्याच्या लक्षात येईना.

तो खांबाच्या दिशेने निघाला, तेवढ्यात एका बाईने त्याचा हात धरला. पन्नाशीची, हिरवं नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा.

“तुमीच का माज्या मयूरचे सायेब?”

“कोण मयूर?”

“अवो, मयूर मढवी. तुमचे जाजावं हाय ना त्यो! मी सखुबाय, त्याची आई.” तिने हात सोडला नाही. “तीन वर्सां झाली बघा. दर आयतवारी फोन करतं पोर, पन घरा येव्हाला सुटीच नाय गावत. आज कमलेशचे लग्नाला आलाय त्यो तुमचेमुलं. कवरा बारीक झालाय! जेवान बरा नाय का वो जाजावं?”

साईनाथने यादीवर नजर टाकली. मयूर मढवी नावाचं कुणी नव्हतं. यादीतच नव्हे, दोनशे ऐंशी माणसांच्या त्या जहाजावरही नव्हतं.

“जेवण चांगलं असतं, बाई,” तो म्हणाला. आपण असं का म्हणालो, हे त्याचं त्यालाही समजलं नाही.

दहा मिनिटांनी तो त्या पोराला घेऊन नवरदेवाच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली.

“आय-कार्ड.”

पोराने खिसे चाचपल्यासारखं केलं. मग थांबला. “नाहीये सर.”

“वर्दी कुठून आणलीस?”

“शिवून घेतली. कापड उल्हासनगरला मिळतं.”

“अशी वर्दी चढवणं गुन्हा आहे, माहितीये? आत जाशील. आजकाल तर कुणी बघूनसुद्धा घेणार नाही की तू कोण आणि कशासाठी घातलीस. सरळ हेर म्हणतील.”

“माहितीये सर.” तो भिंतीला टेकून उभा होता. बावीस-तेवीसचा असेल. “मी खरंच गेलेलो सर. भरती झालेलो. ओडिशाला ट्रेनिंगला पाच आठवडे होतो. मग मेडिकलमध्ये कानाचा प्रॉब्लेम निघाला. डावा कान. घरी पाठवलं.”

“मग घरी का नाही आलास?”

“आलेलो की. शहाडला उतरलो, रिक्षाने मोहन्याच्या नाक्यापर्यंत आलो. तिथे माझा बॅनर. वर्दीतला फोटो, खाली गावातल्या सगळ्यांची नावं. ‘मोहने गावचा सुपुत्र’. त्याच रिक्षाने परत गेलो, सर.”

तेव्हापासून तो ठाण्याला होता. माजिवड्याला एका गोदामात पार्सलं पॅक करायचा, कोपरीला तीन जणांत एक खोली. घरी फोन करायचा तेव्हा मागे पंखा फुल लावायचा, समुद्रावरचा वारा वाटावा म्हणून. कमलेश लहानपणापासूनचा दोस्त, त्याला तेवढं माहीत होतं. लग्नाला यायचं तर वर्दीतच यावं लागणार, आणि चौदा जणांत एक जास्त कुणाला दिसतोय, असं कमलेशच म्हणाला होता.

साईनाथ खुर्चीवर बसला. नियम अगदी सरळ होता. स्थानिक पोलिसांना फोन लावायचा, पोरगा त्यांच्या ताब्यात द्यायचा, रिपोर्ट लिहायचा. फोन त्याच्या हातातच होता. बाहेर डीजेने नवीन गाणं लावलं आणि भिंत थरथरायला लागली. त्याने विचार केला, फोन लावला तर चौदाही पोरांची चौकशी लागेल, सगळी सामील आहेत. कमलेशचं लग्न पोलिसांच्या गाडीने संपेल. आणि ज्याच्या नाकाखाली एका तोतयाने सलामी दिली तो पेटी ऑफिसर कोण, हेही विचारतील. आपल्याला पोराची दया येतेय की स्वतःची भीती वाटतेय? त्याने प्रामाणिकपणे शोधायचा प्रयत्न केला. दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलं होतं की वेगळं काढता येईना.

“काढ ती वर्दी,” शेवटी तो म्हणाला.

“आई बाहेर बसलीय, सर. मी एकट्यानेच काढली तर ती विचारणार. काय सांगू?”

यावर साईनाथने जे केलं ते त्याने सर्व्हिसमध्ये कधी केलं नव्हतं. तो बाहेर आला, डीजेवाल्याला हाताने थांबवलं आणि परेड मैदानावरच्या आवाजात ओरडला, “सगळे ऐका! जेवण झाल्यावर वर्दीत राहायची परवानगी नाही. दहा मिनिटांत सगळे साध्या कपड्यांत. बसमधून बॅगा आणा!”

असा काही नियम नव्हता. पोरांना ते माहीत होतं. एकाने तोंड उघडलं, बिष्टने त्याला कोपराने ढोसलं. दहा मिनिटांनी जीन्स आणि टी-शर्टातली पंधरा पोरं डीजेसमोर नाचत होती, आणि त्यांच्यात थॉमसचा चौकडीचा शर्ट घातलेला मयूरही होता. सखुबाई शेजारणीला सांगत होती, “बघ, शिस्त कवरी हाय ती!”

साईनाथला वाटलं, मिटलं. संध्याकाळी साडेपाचला बस निघेल, पोरगा मागे राहील, पुढचं मायलेकरं बघून घेतील.

पण साडेपाचला सखुबाई स्वतः पोराला बसपाशी घेऊन आली. तिच्या दृष्टीने पोरगा जहाजावर परत निघाला होता. त्याशिवाय तो कुठे जाणार? मयूरने साईनाथकडे बघितलं. साईनाथने आकाशाकडे बघितलं. मयूर बसमध्ये चढला.

सखुबाईने खिडकीतून हात घालून पोराच्या तोंडावरून फिरवला. मग साईनाथला म्हणाली, “सायेब, सांबाला त्याला. पान्याला लय भेतो त्यो, बारीक होता तवापून.”

“हो,” साईनाथ म्हणाला. एका दिवसात त्या बाईशी आपण किती वेळा खोटं बोललो, हे मोजायचं त्याने टाळलं.

दुर्गाडीचा पूल मागे पडल्यावर थॉमसने हळूच मागून बिस्किटाचा पुडा पुढे केला. मयूरने घेतला नाही.

“हे कधीपर्यंत चालवणार होतास?” साईनाथने विचारलं.

“ठरवलं नव्हतं, सर. पहिल्यांदा वाटलं महिनाभर. मग वाटलं दुसरी कुठली तरी भरती होईल, मग सांगू. मग आई मावशीला म्हणाली की माझा पोर परदेशात जाऊन आला. मी असं काही बोललोच नव्हतो. ती आपलं आपणच वाढवायला लागली. मग मला कळेना, खोटं मी बोलतोय की ती.”

माजिवड्याला पुलाखाली ड्रायव्हरने बस थांबवली. मयूर उठला.

“रविवारी सकाळी दहाला डोंबिवलीला माझ्या घरी यायचं,” साईनाथने यादीच्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहून दिला. “वर्दी घेऊन. नाही आलास तर मी रिपोर्ट लिहीन.”

लिहिला असता का, हे त्याला ठाऊक नव्हतं. पोरगा गर्दीत मिसळून कोपरीच्या दिशेने चालायला लागला.

आठला दहा मिनिटं कमी असताना गेटवर नोंद झाली. चौदा गेले, चौदा आले, सगळे वेळेत. साईनाथने खाली सही केली. यातला एकही शब्द खोटा नव्हता. घरी बायकोला, रूपालीला, त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही बरोबर केलंत.” थोड्या वेळाने भाकरी थापता थापता म्हणाली, “पण त्या बाईच्या जागी मी असते, तर माझ्या पोराबद्दल मला असं कुणी फसवलेलं नसतं आवडलं हं.” म्हणजे नक्की काय, असं विचारायचं साईनाथच्या जिवावर आलं.

रविवारी मयूर नऊलाच आला. पिशवीत वर्दी घडी करून, इस्त्री करून. साईनाथने त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि मोहन्याला नेलं. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. बाई, तुमच्या मुलाची चूक नाही, कानाचं निघालं, असं होतं बऱ्याच जणांचं. दारात सखुबाई दिसली आणि सगळी वाक्यं पुसली गेली.

“सायेब? काय केलानी यानी?”

मयूरनेच सांगितलं. ओट्यावर उभ्यानेच सांगितलं, एका दमात, खाली बघून. सगळं झाल्यावर सखुबाईने विचारलं ते कानाबद्दल नव्हतं, नौदलाबद्दलही नव्हतं.

“ठान्याला? तू तीन वर्सां ठान्यालाच व्हतास?”

“हो.”

“मी दोन बारीला ठान्याला आली व्हती. डोल्यांच्या दवाखान्यात. येकटी. तुला फोनवं सांगलेला.”

“माहितीये.” मयूर म्हणाला. “दुसऱ्या वेळेला बघितलं पण तुला. स्टेशनच्या पुलावर. डोळ्याला पट्टी होती. तू एका पोरीला विचारत होतीस, कल्याणची गाडी कुठे लागते. मी आठ-दहा पावलांवर होतो, आई.”

सखुबाईने त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा कोण माणूस दारात आलाय. मग तिने साईनाथकडे बघितलं.

“सायेब, तुमाला ठावूक व्हता?”

“हो. म्हणजे नाही. लग्नात कळलं मला.”

“मंग मना तवाच का नाय सांगलात?”

अकरा वर्षांत पोरांनी, बारवाल्यांनी, अधिकाऱ्यांनी त्याला हजार प्रश्न विचारले होते आणि प्रत्येकाला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. आता तो हेल्मेट या हातातून त्या हातात घेत राहिला. तुमच्यासाठी, म्हणावं तर पूर्ण खरं नव्हतं. माझ्यासाठी, म्हणावं तर तेही नाही.

“मलाच कळत नव्हतं, काय करावं,” तो शेवटी म्हणाला.

सखुबाई आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. मयूर ओट्याच्या कडेला बसला आणि त्याने गुडघ्यांत तोंड घातलं. साईनाथला कळेना, आता निघावं की थांबावं. गाडीची किल्ली त्याने दोनदा खिशातून काढली, दोनदा परत ठेवली. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली. आवाज रडून बसलेला होता, पण हाक खणखणीत होती.

“मयूर! पानी आलाय नलाला. हंडा भर. आनि त्या सायबाला बस म्हन, उनाचा उबा का ठेवलास?”

मयूर उठला आणि हंडा घ्यायला आत गेला.