टाकीत कोण उतरणार

सकाळी चंद्रावतीने कोंबड्यांना कण्या टाकल्या आणि चार शब्द बोलून घेतले. पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात तिच्याशी बोलायची मुभा कोंबड्यांनाच होती. माणसांना दंड पडे.

गुन्हाही तसाच होता. बंदरावरच्या कंपनीची रसायनाची टाकी साफ करायला तिचा नवरा काळुराम आत उतरला आणि गुदमरून मेला. गावकीने बसून प्रकरण मिटवलं. चंद्रावती मात्र गावकीला न विचारता पोलिसांत गेली, म्हणून तिला वाळीत टाकलं. गिरणीत दळण बंद, लग्नाबारशाला बोलावणं बंद. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून ती अधूनमधून पेणच्या एसटी स्टँडवर जाऊन बसे. तिथला भोंगा सगळ्यांनाच सामान सांभाळायला सांगतो. त्यात तीही आली.

आता जुन्या टाक्या काढून नव्या बसवायच्या होत्या. त्यासाठी पर्यावरणाची जनसुनावणी लागली. इथे आजवर अपघात झालेला नाही, असं कंपनीचा अहवाल सांगत होता. काळुराम बहुधा हवापालटाला टाकीत गेला असावा. कंपनी गावाला सभामंडप बांधून देणार होती, तेव्हा कोणी तोंड उघडायचं नाही असं गावकीने ठरवलं.

आदल्या संध्याकाळी गावकीचे अध्यक्ष कमळाकर तिच्या अंगणात आले.

"उद्या गप राव्हलीस तं परवापासून तू गावात. मालूच्या नातवाचा बारसा हाय. पाळना तूच म्हनायचा."

तिने पाट पुढे केला. ते बसले नाहीत. निरोप देणं गावकीचं काम होतं, पण बसले असते तर स्वतःलाच दंड करावा लागला असता. ते गेल्यावर तिने ठेवणीतलं लुगडं काढून उन्हाच्या उरलेल्या तुकड्यावर टाकलं आणि कितीतरी दिवसांनी पाळणा गुणगुणली. बाळाचा बाप, मालूचा मुलगा मिथुन, टाक्या धुणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता. तिथे तिचं गाणं थांबलं.

तेच लुगडं नेसून ती सुनावणीला गेली. हरकत कोणाची, असं अधिकाऱ्याने विचारलं. मांडवात फक्त पंखे बोलत होते. चंद्रावती उठली.

"नवी टाकी बसवाची तं जुनी आधी धुवाला लागल. माजा घरवाला तेच कराला उतरला, त्यो वर नाय आला. आता कोन उतरनार हाय, त्याचा नाव सांगा."

कमळाकर घाईघाईने माईककडे गेले. "साहेब, तिचा लिवू नका. तिला आम्ही वाळीत टाकलाय."

वाळीत टाकणं या राज्यात गुन्हा आहे. अधिकाऱ्याने दोघांचंही बोलणं शांतपणे लिहून घेतलं.

टाळी वाजली नाही. परतताना बांधावर ती एकटीच होती. बारशाचं बोलावणं हातचं गेलं होतं. मग मागे पावलं वाजली. मालू होती, अंतर राखून, खाडीकडे तोंड करून चाललेली.

"माजा मिथुन नाय उतरनार, गो," मालू खाडीला म्हणाली.

चंद्रावतीने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मालूला दंड झाला असता. तिने फक्त चाल मंदावली. एकीमागे एकीने चालायला गावकीने अजून दंड ठेवलेला नव्हता.