घंटा कुणी काढली

सोमेश पंचाक्षरीनं ती तक्रार बंद केली आणि खाली दोन ओळी टाकल्या: ‘ही चूक नाही. वापरणाऱ्यानं आधी माहितीपत्रक वाचावं.’ मी नांदेडला ऑफिसात चहा पीत होते. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच राहिला.

तक्रार मुखेड तालुक्यातल्या भागवतची होती. त्यानं लिहिलं होतं, ‘लाईट गेली होती. कुट्टीत कडबा अडकला म्हणून आई काढत होती. लाईट आली अन् घंटा न वाजताच मशीन चालू झाली. आईच्या बांगड्या फुटल्या. हात वाचला. घंटा का वाजली न्हाई ते सांगा.’

आता यात काय कळत नाही? माणूस सांगतोय की आईचा हात जाता जाता राहिला, आणि हा दीडशहाणा त्याला माहितीपत्रक वाच म्हणतो!

आमच्या पेटीचं आधी सांगते, नाहीतर माझा राग खामखा वाटेल. मी आणि सोमेश नांदेडला एका वर्गात शिकलो. शेवटच्या वर्षी आम्ही विहिरीवरच्या मोटरीसाठी एक पेटी बनवली. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तिची वाट बघत माणसानं विहिरीवर बसायचं, विंचूकाट्यात. आमची पेटी लावली की लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू होते. पेटीतला प्रोग्राम आम्ही सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कुणीही वाचावा, फुकट वापरावा, कुठं अडलं तर तक्रार लिहावी, जमलं तर स्वतः दुरुस्ती करून पाठवावी. आम्ही दोघांनी ती तपासायची आणि बरी असेल तर आत घ्यायची. तपासायचं काम माझं जास्त, कारण मला चूक सापडल्याशिवाय झोप येत नाही. बदल आत घ्यायची किंवा काढायची चावी मात्र सोमेशच्या खात्यात. सुरुवात त्यानं केली होती म्हणून तशीच राहिली.

घंटा माझ्या हट्टानं आली. लाईट आल्यावर मोटर लगेच सुरू होणार नाही. आधी मिनिटभर घंटा वाजेल, मग मोटर फिरेल. कुणाचा हात, कुणाचा पदर कुठं असेल तर त्याला बाजूला व्हायला सवड पाहिजे.

लोकांनी ही पेटी मोटरीला लावली, तशी वैरण कापायच्या कडबाकुट्टीलाही लावली. गोठा विहिरीजवळ, स्टार्टर एकच, मग दुसरी पेटी कशाला? माहितीपत्रकात ‘फक्त पाण्याच्या मोटरीसाठी’ असं छापलंय, हाव, छापलंय. पण गावात जाऊन बघा ना एकदा! आणि दुसरी गोष्ट. पूर्वी मशीनला हात लावायचा तर माणूस आधी फ्यूज काढून खिशात घालायचा. पेटी आली आणि ती सवय गेली. घंटा हाय की, वाजली की सरकायचं! लोकांचा जीव आता त्या घंटेवर टांगलेला. आमच्याच पेटीनं त्यांची सवय मोडली, तर घंटा सांभाळायची कुणी?

मी भागवतला फोन लावला. त्यानं फोन आईलाच दिला.

“केवळामावशी, हात बराय का?”

“बराय गं बाई. बांगड्या वाढल्या, हात ऱ्हायला. पर ती घंटा का रुसली म्हनायची?”

“रुसली नाही मावशी. काढलीये.”

“काढली? कुणी काढली?”

मला नाव घ्यावंसं वाटेना. “शोधते,” म्हटलं. “मशीन लवकर चालू व्हावी म्हणून कुणीतरी काढली.”

मावशी म्हणाल्या, “आमाला कुटं घाई हाय?”

शोधायला पाच मिनिटं लागली नाहीत. लातूरला सोमेशनं क्लास काढलाय. लातूरला क्लास कशाचाही निघतो, आणि तो चालतोही. याचा क्लास म्हणजे पोरांनी फी भरायची, सोमेशनं शिकवायचं, आणि प्रत्येकानं एखाद्या उघड्या प्रकल्पात आपली दुरुस्ती घुसवायची. घुसली की सर्टिफिकेट. नोकरीच्या अर्जात लिहायला बरं. आणि घुसवायला दुसऱ्याचं दार कशाला शोधायचं? सरांचंच आहे की!

दोन महिने मी पोरांनी पाठवलेलं ते दळण निवडून राहिले होते. कुणी माहितीपत्रकात एक पूर्णविराम वाढवला, कुणी चालत्या ओळी उगीच वरच्या खाली केल्या, कुणी एआयकडून लिहून घेतलं आणि जसंच्या तसं चिकटवलं. मी प्रत्येकाला उत्तर देत होते, हे नको, हे का करतोय ते सांग, हे चालवून बघितलंस का. उरलेल्यांवर ‘थांबा, तपासायचंय’ असा शेरा मारला होता. सर्टिफिकेट वाटपाचा कार्यक्रम जवळ आला तसा सोमेशनं माझे शेरे बाजूला सारले आणि एका बैठकीत सगळ्यांना मंजुरी देऊन टाकली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

त्यातच ती होती. उज्वला नावाच्या मुलीची दुरुस्ती. तिनं वर लिहिलं होतं, ‘अनावश्यक प्रतीक्षा काढली. प्रोग्राम आता वेगवान.’ ती अनावश्यक प्रतीक्षा म्हणजे आमची घंटा. भागवतची पेटी चाचणीच्या पेट्यांमध्ये होती म्हणून तिच्यात नवा प्रोग्राम आधी उतरला. बाकीच्या शेकडो पेट्यांत तो सोमवारी इंटरनेटवरून आपोआप उतरणार होता. आज गुरुवार.

मी सोमेशला फोन केला.

“सोम्या, घंटा परत घाल. आत्ताच्या आत्ता.”

“आरती, आधी शांत हो.”

“मी शांतच आहे. केवळामावशीच्या बांगड्या कुट्टीत गेल्या.”

“कुट्टीला ती पेटी लावायचीच नाही ना! आपण लिहिलंय तसं. उद्या कुणी पेटी पाळण्याला लावेल, त्याचीही जबाबदारी आपली?”

“लोक लावतायत हे तुला माहीत आहे का नाही?”

“असेल. पण आता मंजूर झालेलं मागं घेतलं तर क्लासची इज्जत काय राहते? पोरांनी घरी फोन करून सांगितलंय. सोमवार जाऊ दे, पुढच्या वेळी बघू.”

“पुढच्या वेळी हात जाईल.”

“तू नेहमी टोकाचंच बोलतेस. मी तपासलंय ते, आरती. तपासूनच मंजूर केलंय.”

हे तो बोलला आणि मला त्याचा खरा राग आला. तोवर मला वाटत होतं, गडबडीत झालं असेल. पण न वाचता ‘तपासलंय’ म्हणायचं! कॉलेजातही असाच. प्रयोगशाळेत सगळी जोडणी मी बघायची, आणि सर आले की हा म्हणायचा, बघितलंय सर, ओके आहे. तेव्हा फार तर एखादा दिवा जळायचा.

“बरं,” मी म्हटलं, “तपासलंयस ना? मग शनिवारी येते.”

शनिवारी मी रजा टाकली. भागवतनं मुखेडहून टेम्पो केला आणि त्यात आपली कुट्टी घातली, त्याच पेटीसकट, आणि वर कडब्याच्या दोन पेंढ्या. मी नांदेडहून बसनं येऊन टेम्पो गाठला. वाटेत तो मला म्हणाला, “ताई, भांडण नका करू. आपल्याला घंटा पायजे, बस.” मी हो म्हटलं. खोटं बोलले.

सोमेशचा क्लास तळमजल्यावर आहे. दारातून कुट्टी आत ओढली तेव्हा चाळीसएक पोरं-पोरी आमच्या तोंडाकडं बघत राहिली. पुढं फळ्यावर रंगीत खडूनं ‘सोमवार: नवी आवृत्ती’ असं लिहिलेलं.

“हे काय आरती?” सोमेश हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “पोरांनो, या आरती मॅडम. आपल्या प्रकल्पाच्या...”

“तुमच्या दुरुस्त्या अडवणारी बाई ती मीच,” मी म्हटलं. “आज तुम्हाला तपासणं कसं करतात ते दाखवायला आलेय. सरांची परवानगी आहे.”

सरांची परवानगी कुठली असायला! पण चाळीस पोरांसमोर तो नाही म्हणेना.

भागवतनं पेटीतून वायर आणली आणि पिन भिंतीच्या बोर्डात घातली. मी बटण बंद केलं. “लाईट गेली,” म्हटलं. कुट्टीच्या तोंडात कडब्याची मूठ खुपसली. “अडकलं. आता लाईट आली.” बटण दाबलं.

ना घंटा, ना काही. मशीन धाडकन फिरली आणि कडबा चर्रकन आत गेला. पुढच्या बाकावरच्या दोन पोरी किंचाळल्या. तुकडे सोमेशच्या बुटांवर येऊन पडले.

मी बटण बंद केलं. चाक थांबू दिलं.

“हा प्रोग्राम तुमच्या सरांनी तपासलाय,” मी म्हटलं. “मंजूर केलाय. सोमवारी तो शेकडो गोठ्यांत जाणार. लाईट गेलेलीच आहे. आता मला एकच सांगा, यात कोण हात घालतंय? सोमेश, तू घाल. तपासलंयस ना?”

“आरती, तमाशा करू नको.”

“तमाशा तू मांडलायस. हात घाल.”

“याला काही अर्थ आहे का? कुणीही कुट्टीत हात घालणार नाही!”

“भागवतची आई घालते. रोज. घंटेच्या भरवशावर.”

तो फळ्याकडं बघायला लागला. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. सडपातळ, दोन वेण्या, अंगात कॉलेजचं स्वेटर.

“मॅडम, मी घालते,” ती म्हणाली. “ती दुरुस्ती माझी आहे.”

ही उज्वला. किनवटकडची, हॉस्टेलवर राहणारी. मी तिच्यासाठी मनात चार शिव्या ठरवून आले होते, त्यातली एकही तोंडावर येईना. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी म्हटलं, “बघ हं, घाई करू नकोस.”

“घाई नाही मॅडम. सरांनी तपासलंय. चुकलं असतं तर त्यांनी मंजूर केलं नसतं.”

इतकं बोलून ती सरळ मशीनपाशी आली, स्वेटरची बाही वर सारली आणि हात कुट्टीच्या तोंडात घातला. बोटं, मनगट. मी बोर्डाकडं हात नेला.

“ए! ए उज्वला! हात काढ!” सोमेश ओरडला. खुर्ची आडवी पडली. तो धावत आला आणि तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. “हात काढ म्हणतो ना! अक्कल आहे का?”

तिला काही कळेना. ती एकदा हाताकडं बघे, एकदा त्याच्याकडं.

मी हात पुढं केला. पिन माझ्या मुठीत होती. पहिल्या खेपेनंतर मी ती बोर्डातून काढून घेतली होती, बोलता बोलता.

“पोरीच्या जिवाशी खेळतेस तू!” सोमेश माझ्याकडं वळला.

“मी? पिन माझ्या हातात होती, सोम्या! तुझ्या हातात काय होतं? तिचा हात आत जाताना जे तुला दिसलं ते वाचताना का दिसलं नाही? पिन नसलेल्या मशीनला भ्यालास, आणि जिवंत मशिनींना डोळे मिटून मंजुरी दिलीस! लाज वाटू दे!”

माझा आवाज फाटला होता. भागवत दाराशी खाली मान घालून उभा. उज्वला हळूच म्हणाली, “सर, तुम्ही वाचलं नव्हतं?”

सोमेश टेबलाशी गेला, लॅपटॉप उघडला आणि उभ्या उभ्याच ती दुरुस्ती मागं घेतली. मी शेजारी उभी राहून प्रत्येक ओळ वाचली. माझा आता त्याच्या कुठल्याच शब्दावर विश्वास नव्हता. मग घंटेसकटचा प्रोग्राम लॅपटॉपची वायर जोडून भागवतच्या पेटीत उतरवला. मी पिन बोर्डात घातली, बटण दाबलं. घंटा वाजायला लागली. कर्कश, कानठळ्या बसवणारी. कुणी न सांगता पुढचे दोन बाक उठून मागं सरकले. सोमेशही सरकला.

त्याला वाटलं संपलं. लॅपटॉप मिटायला लागला.

“थांब,” मी म्हटलं. “भागवतची तक्रार अजून बंदच आहे. तिचं उत्तर राहिलंय.”

“लिहितो ना.”

“लिहायचं नाही. मावशींनी मला तोंडी विचारलंय.”

भागवत नको नको म्हणत होता तरी मी त्याच्या फोनवरून नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला. सगळा क्लास ऐकत होता.

“हॅलो? कोन बोलतंय?” केवळामावशींचा आवाज. मागं म्हैस ओरडत होती.

“मावशी, मी आरती. घंटा परत बसवली. आणि कुणी काढली होती तेही सापडलंय. देऊ का त्याला फोन?”

“दे की.”

उज्वलानं डोळे पुसले आणि एक पाऊल पुढं टाकलं. सोमेशनं तिच्याकडं बघितलं आणि हातानं तिला मागं थांबवलं. फोनवर वाकला.

“मावशी, मी सोमेश. घंटा मी काढली.”

मावशी रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. तसं काही झालं नाही. त्यांनी साधंच विचारलं, अंगणातल्या पोराला विचारावं तसं.

“का रं बाबा?”

चाळीस पोरं उत्तराची वाट बघत होती.