पुलावरची बाई

मला त्या सिनेमाची किळस येते. बत्तीस वर्षं झाली, दर हिवाळ्यात आठवडाभर आमच्या थिएटरात तोच लागतो आणि तीच माणसं तेच रडायला येतात. काळापांढरा, लढाईचा, प्रेमाचा. शिपाई पुलावर तिला आपला हातमोजा देतो, गाडीत चढतो, आणि ती बर्फात उभी राहते. समाप्त. की खाली नाकं शिंकरणं सुरू! खेळ संपल्यावर ते चिंब कागदी रुमाल कोण उचलतं? मीच. मशीनही मीच चालवते, झाडूही मीच मारते.

रडेनात का, माझं काय जातंय? पण तिकीटखिडकीत माझी आत्या बसते. तिचाही एक शिपाई होता. हा सिनेमा तिच्या शेजारी बसून बघितला, लढाईवर गेला, दोन पत्रं पाठवली आणि मग गप्प. मेलाबिला नाही. दुसऱ्या गावी संसार थाटून बसलाय, सगळ्यांना माहीत आहे. तरी आत्या आपली वाट बघतेय.

यंदा सुतारकाकांनी तिला विचारलं. आमच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करणारे, विधुर, भला माणूस. रविवारच्या खेळानंतरच्या गाडीने ते कायमचे मुलीकडे निघणार होते. "बरोबर चला," म्हणाले. "खेळ संपला की उत्तर द्या."

"पुलावरची बाई गेली का कुठे?" आत्या मला म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

शनिवारी नवी प्रत आली. जुनीवर फार ओरखडे पडले होते. दुपारी रिकाम्या थिएटरात मी शेवटचं रीळ चालवून बघितलं. पूल, बर्फ, बाई. मशीन बंद करायला हात पुढे केला, तर सिनेमा संपेना! बाईने हातमोजा नदीत फेकला, नाक पुसलं, पूल उतरली, कोपऱ्यावरच्या दुकानात गरम पाव मागितला आणि दुकानदाराशी बोलता बोलता हसली. मग समाप्त.

मी जुनं रीळ काढून चाचपलं. पुलानंतर लगेच फिल्म कापून मारलेला जोड होता. माझ्याआधी मशीन चालवणाऱ्या बाबांच्या हातचा, चिकटपट्टी पिवळी पडलेली.

मला तर नाचावंसं वाटलं. आत्याला ओढत आणलं, खुर्चीत बसवलं, रीळ पुन्हा लावलं. तिने सगळं बघितलं.

"माहितीये मला," ती म्हणाली. "पत्रं बंद झाली तेव्हा मीच दादाला कापायला लावलं. तो पाव बघवत नव्हता. तूही काप."

"शी! अगं आत्या, बत्तीस वर्षं लोकांना..."

"काप म्हणते ना!"

तिच्या तोंडाला आजवर कोण लागलंय? मी कापला. दोन मिनिटांचा तुकडा गुंडाळून खिशात कोंबला आणि बाबांनी शिकवला तस्सा जोड मारला. स्वतःच्याच हातांची घाण वाटली.

रविवारी थिएटर भरलं. बाई पुलावर थांबली, खाली हुंदके. दिवे लागले तसे सुतारकाका जिना चढून माझ्या खोलीत आले. डोळे लालभडक.

"आत्याला सांग पोरी, माझंच चुकलं. अशी वाट बघणारी बाई, आणि मी तिला काय विचारून बसलो! तोंड दाखवायची लाज वाटते बघ."

तुकडा खिशात बोटांना लागत होता. पण बोलायचं काय? आत्याचं बिंग फोडायचं? मी रीळ गुंडाळत राहिले. ते मागच्या जिन्याने उतरून गेले.

मी खाली आले तर तिकीटखिडकी बंद. आत्या बाहेर बाकावर बसलेली. केस नीट बांधलेले, अंगात ठेवणीतला कोट, पायाशी बॅग.

"कुठायत ते?" तिने विचारलं. "मला वाटलं, पुन्हा एकदा विचारतील."

"गेले. रडत रडत, सगळ्यांसारखेच. ऊठ, धाव, गाडी अजून सुटली नसेल!"

"मी?" ती म्हणाली. "मी कशी जाणार? त्यांनी यायला हवं."

मी खिशातला तुकडा काढून तिच्या मांडीवर टाकला आणि झाडू घेऊन आत गेले.