गुरं कुठल्या आवाजाला येतात

लाल गाडी गेली ती ऐन थंडीत, आणि गेली तीही गुपचूप नाही. पवनचक्कीजवळ मोठा कडकडाट झाला, बर्फावर काळं तेल पसरलं, आणि तीस वर्षं सगळ्या खोऱ्याला ऐकू जाणारा तो आवाज एकदम थांबला. एल्डन कोस्टल खाली उतरला. म्हाताऱ्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. आत बसलेल्या त्याच्या बायकोला, व्हर्नाला, त्या गाडीत बसून वाऱ्याचा आवाज ऐकू आला, तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"गेली," एल्डन म्हणाला.

"जगली बाकी झोकात," व्हर्ना म्हणाली.

मग दोघं चालत घरी आली. त्याचा एक गुडघा बदललेला, तिची कंबर धरलेली. दोघांनी एकमेकांचा आधार घेतला आणि घेत नसल्यासारखं दाखवलं.

नेब्रास्कातल्या त्या गवताळ टेकड्यांत पिकअप गाडीवाचून माणसाचं पान हलत नाही. रानात गुरांना पेंड टाकायची ती तिच्यातून, कुंपणाच्या तारा न्यायच्या त्या तिच्यातून, थंडीनं काकडलेलं वासरू हीटरसमोर पायाशी घेऊन घरी आणायचं तेही तिच्यातूनच, आणि रविवारी त्याच सीटवरचं गवत झटकून चर्चला जायचं. थोड्याच दिवसांत गाई व्यायला लागणार होत्या. नवी गाडी घ्यायची यात प्रश्नच नव्हता. प्रश्न होता इंजिनाचा. सहा सिलिंडरचं, की आठ?

गावातल्या गाड्यांच्या दुकानात कर्टिस बसायचा. लाल गाडी त्याच्या बापानंच एल्डनला विकली होती. कर्टिसनं एकाच घडणीच्या दोन गाड्या काढून ठेवल्या; राखाडी सहाची, निळी आठची.

"दोन्ही घेऊन जा," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत ठेवा. गुरांत फिरवा, चिखलात घाला. तुम्हाला दोघांना गाडी चालवता येते ना? मग एकेक न्या."

"हिला येते," एल्डन म्हणाला. "मला नुसतं लायसन आहे."

व्हर्ना राखाडी गाडीत एका पावलात चढली. हलकी, शांत, हाताखालच्या गरीब घोडीसारखी गाडी. पुढे निळीतून एल्डन चालला होता. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करत होता, आणि आज ते बोट जरा जास्तच ताठ होतं. मागून तिला त्याच्या मानेवरून कळलं, याचं ठरलं आहे.

आणि का ठरलं आहे तेही तिला ठाऊक होतं. गोठ्यामागे लांब गाडा उभा होता, गाडीमागे जोडून गुरं न्यायचा, चाकांच्या दोन जोड्यांचा. दर शरदात वासरं त्यात भरून एल्डन स्वतः बाजाराला न्यायचा. तासाभराची वाट, चढउताराची, उघड्या वाऱ्याची. भरलेला गाडा त्या वाटेनं ओढायचा तर आठच हवेत. सहा सिलिंडरच्या गाडीला तो झेपला नसता. म्हणजे इंजिन निवडायचं नव्हतंच. एल्डननं अजून बाजाराला वासरं न्यायची की नाही, ते निवडायचं होतं. लहान इंजिन घेतलं की सगळ्या खोऱ्याला कळणार होतं, कोस्टल म्हातारा झाला.

व्हर्नाला तो म्हातारा झालेला चालणार होता. तो नसलेला चालणार नव्हता.

गेल्या शरदात बाजाराहून येताना रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. वाऱ्यानं रिकामा गाडा आडवा फिरवला आणि गाडीसकट चरात ओढला. एल्डन अंधार पडून गेल्यावर आला, हातमोजे ठेवले, "जरा उशीर झाला," म्हणाला आणि जेवायला बसला. सकाळी व्हर्नाला गाड्याची चेपलेली बाजू दिसली. तिनं काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. विचारणार कुठे? दिवसभर दोघं एकत्र असायची ती लाल गाडीत, आणि लाल गाडीचा सायलेन्सर केव्हाच गंजून गळून पडलेला. त्या गडगडाटात एकच शब्द चालायचा. एल्डन ओरडायचा, "फाटक!" आणि व्हर्ना उतरून फाटक उघडायची. त्यांच्याकडे शेजारी बसणाऱ्यानं फाटक उघडायचं असतं. एल्डन लोकांना सांगायचा, मी लग्न केलं तेच त्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राखाडी गाडीत पेंडीची पोती टाकली आणि रानात निघाली.

काय ती शांतता! गाडी चालू आहे की नाही ते काट्याकडे बघून कळत होतं. एल्डननं घसा खाकरला तर तो केवढ्यानं खाकरल्यासारखा वाटला.

"हिच्यात माझ्या पोटातली कॉफी हललेली ऐकू येतेय," तो म्हणाला.

"माझ्याही," व्हर्ना म्हणाली.

नवी ओळख करून दिलेल्या माणसांसारखी दोघं समोरच्या काचेतून बघत राहिली.

टेकडीच्या पायथ्याशी एल्डननं गाडी थांबवली. वर काळीतांबडी गुरं उभी होती. लाल गाडी टेकडीआड असतानाच ती पळत सुटायची. आज त्यांनी नुसत्या माना वळवल्या. क्लोव्हरनं, त्या कळपातल्या थोरलीनं, एकदा बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"हॉर्न वाजव," व्हर्ना म्हणाली.

"हॉर्न शहरातली माणसं वाजवतात."

"शेजारचा लॉइड तर भोंगा वाजवतो."

"लॉइडची गुरं लॉइडसारखीच आहेत." एल्डनची पोती उचलून टेकडी चढायची तयारी, आणि चेहऱ्यावर दुःख नाहीच, उलट समाधान. "बघितलंस? गुरांनासुद्धा ही गाडी गाडी वाटत नाही."

त्याच्या पुढच्या सकाळी निळी. किल्ली फिरवल्याबरोबर तिच्या पोटातून असा खर्ज निघाला की स्वयंपाकघराची काच थरथरली. एल्डन दहा वर्षांनी तरुण झाला. व्हर्नाला वर चढायला दोनदा झोका घ्यावा लागला. पण आत बसल्यावर, तो ओळखीचा गडगडाट अंगाभोवती आल्यावर, तिलाही घरी आल्यासारखं वाटलं. लाल गाडीचा हीटर कधी बंदच व्हायचा नाही, म्हणून तिची काच बारा महिने खाली असायची. सवयीनं तिनं इथंही काच खाली केली, तोंड वाऱ्याकडे केलं, आणि सवयीनंच तिचे ओठ हलू लागले.

टेकडी यायच्या आतच गुरं धावत सुटली. क्लोव्हर पुढे, मागे जिंजर, मागे गाभण गाई डुलत डुलत. एल्डननं स्टिअरिंगवर थाप मारली.

"बघ! बघ, व्हर्ना! त्यांना कळतं! आठ ते आठच!"

व्हर्नाचे ओठ मिटले.

कारण तिला एकदम उमगलं, गुरं कशाला आली ते.

लहानपणी चर्चच्या गाण्यात उभी असताना गाणं शिकवणारी बाई तिच्या कानाशी वाकून म्हणाली होती, "व्हर्ना, तू नुसते ओठ हलव हं." तेव्हापासून आजतागायत तिनं चर्चमध्ये नुसते ओठच हलवले. पण लाल गाडीत, त्या गडगडाटाच्या आडोशाला, काचेबाहेर तोंड काढून ती पोटभर गायची. स्वतःच जुळवलेलं, दर वर्षी एखादं कडवं वाढवलेलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याला त्यातला एक शब्द कधी ऐकू गेला नाही. गुरांना गेला, आणि आज निळीतही तोच गेला. इंजिनाचा आवाज आणि गाण्याचा आवाज त्यांनी कधी वेगळा करून बघितला नव्हता. माणसानं तरी कुठे केला होता?

आता ती गप्प राहिली असती तर निळी गाडी दारात राहिली असती. आणि गप्प राहायचं नसेल तर गायला हवं होतं, त्या मुक्या राखाडी गाडीत, त्याच्या कानाजवळ. आणि गाण्यात तर सगळा तोच होता.

दिवसभर ती भांडी जरा जोरातच ठेवत होती.

सकाळी एल्डन निळीकडे निघाला, तर व्हर्ना राखाडीत जाऊन बसलेली.

"अगं, तिच्यात कशाला? निकाल लागला की काल."

"बस."

"गुरं येणार नाहीत."

"बस रे, एल्डन."

तो बसला. गाडी निघाली तशी वाळक्या गवतावरून चाकं जातानाची सरसर ऐकू येऊ लागली. फाटक आलं, तिनं उघडलं, लावलं. टेकडी आली. गुरं वर उभी, दगडासारखी. व्हर्नानं काच खाली केली. गार वारा आत शिरला. तिनं नवऱ्याकडे पाठ केली आणि तोंड उघडलं. पहिला सूर गंजक्या बिजागरीसारखा निघाला.

"ये गं क्लोव्हर, ये गं जिंजर,
पेंड आणली गाडीभर,
मालक तुमचा बहिरा बाई,
माझा जीव त्याच्यावर."

वर एक मान उचलली गेली. मग दुसरी. पाठीमागे एल्डनचा श्वास थांबल्याचं तिला कळलं. या गाडीत तेही कळायचं.

"पाय लंगडा, हेका मोठा,
टोपी काढेना जेवताना,
असाच मला दिसू दे बाई,
रोज फाटकातून येताना."

गुरं निघाली. क्लोव्हरनं उतारावर धाव घेतली, तिच्या पाठीवरचं दंव उडालं. इथं थांबलं असतं तरी चालण्यासारखं होतं. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. पण एक कडवं राहिलं होतं, या हिवाळ्यातलं, आणि ते तिनं गुरांखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. व्हर्नानं दाराची कड घट्ट धरली.

"वारं सुटलं, बर्फ पडलं,
लांब गाडा घसरला,
कॉफी निवली, दिवा जळला,
जीव दारात बसला."

गुरं गाडीभोवती जमली. त्यांच्या नाकांतल्या वाफा काचांवर बसल्या.

"बहिरा?" एल्डन म्हणाला.

"यमकासाठी घेतलं."

"यमकात कुठे येतंय ते."

"मग खरं म्हणून घेतलं."

तो हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"दारात?"

"हो."

"किती वेळ?"

"तू येईपर्यंत."

क्लोव्हरनं आरशाला नाक घासलं. एल्डन तिच्याकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, तुला कळलं नाही."

"गाड्याची एक बाजू आत गेली होती. मला डोळे नाहीत का?"

"चरात पडल्यावर मी तसाच बसून राहिलो होतो," तो म्हणाला. "हात सुटेनात स्टिअरिंगवरचे. गाडी बंद पडली होती आणि मी तिला म्हणत होतो, चल, घरी कोणीतरी वाट बघतंय. तुला सांगणार होतो. पण त्या लाल गाडीत... ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती."

व्हर्नानं त्याच्या मोज्यावर आपला मोजा ठेवला. बाहेर जिंजर हंबरली. तिला माणसांची बोलणी संपायची वाट बघायची सवय नव्हती.

दोघं उतरली, पोती फोडली, पेंडीची लांब रेघ बर्फावर ओतली. पोतं झटकता झटकता एल्डन म्हणाला, "लांब गाडा लॉइडच्या थोरल्या पोराला देऊन टाकू. आपली वासरं तोच नेईल."

"हं."

"पण बाजाराला मी जाणार. त्याच्या शेजारी बसून."

"जा की. आणि वाटभर त्याला सांग, गाडी कशी चालवायची."

"सांगणारच. त्याला काही येत नाही."

"आणि फाटकं तू उघडायचीस."

शेजारी बसणं म्हणजे काय, ते आत्ता एल्डनच्या ध्यानात आलं. मग तो इतका मोठ्यानं हसला की दोन गाई बिचकून मागे सरल्या. परत येताना त्यानं व्हर्नाला चालवायला दिली आणि फाटकाशी स्वतः उतरला, लंगडत, वाऱ्यात टोपी धरून. फाटक धरून उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थोडं काहीतरी हरवल्यासारखं होतं. व्हर्नाला ते दिसलं. तिनं गाडी जरा जास्तच हळू पुढे घेतली, म्हणजे त्याला तेवढा वेळ मिळेल.

दुपारी त्यानं कर्टिसला फोन केला.

"लहानच ठेवतो," तो म्हणाला. "निळी उद्या आणून देतो... नाही नाही, ओढायला चांगली आहे ती. पण आवाज फार करते रे. हिचं काही ऐकू येत नाही."

पलीकडून कर्टिस काहीतरी म्हणाला असावा. "लग्न करशील तेव्हा कळेल," एवढं बोलून एल्डननं फोन ठेवला.

संध्याकाळी व्हर्नानं मांसाचा रस्सा आणि मक्याची भाकरी टेबलावर ठेवली. एल्डन येऊन बसला. चमचा उचलला, परत ठेवला. मग त्यानं हात वर नेला आणि डोक्यावरची टोपी काढून ताटाशेजारी ठेवली. उन्हानं रापलेल्या तोंडावर कपाळाचा तेवढा पट्टा पांढराफेक, तान्ह्या पोराच्या अंगासारखा. एरवी झोपतानाच दिसणारा.

व्हर्ना हातातली कढई तशीच धरून बघत राहिली.

"आता ते कडवं बदल," तो ताटाकडे बघत पुटपुटला.

"छे," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात रस्सा वाढला. "गुरांना तसंच पाठ आहे."