पाव्हण्याची बोळवण

"अक्का, डोकं चढवा ना. ऊन उतरलं तर सीन गेला," भूषण तिसऱ्यांदा म्हणाला.

सुपडाबाई बाभळीखाली बसून राहिली. गळ्यापासून पायापर्यंत चंदेरी रेक्झिनचा पोशाख, आणि मांडीवर मंगळावरच्या पाव्हण्याचं मोठ्ठं थर्माकोलचं डोकं.

"आधी सांग भो, पडदावर नाव कोनं येई?"

भूषण दिग्दर्शक असला तरी पोरसवदाच. त्याने प्रेमराजशेठकडे पाहिलं. पैसा शेठचा होता, आणि शेठचं धुळ्यात कापडाचं दुकान असल्यामुळे पहिल्या सिनेमातल्या पोशाखाचं कापडही त्याचंच होतं.

तो पहिला सिनेमा, 'मंगळना पाव्हना', वीसेक वर्षांपूर्वी आठवडे बाजारांतून तंबू ठोकून दाखवला गेला आणि खानदेशाने डोक्यावर घेतला. सुपडाबाई तेव्हा फक्त पोशाख शिवायला गेली होती. एरवी ती धुळ्यात गाद्या-रजया शिवायची, आजही शिवते. पाव्हणा व्हायचं होतं तिच्या दिराला, झुलालला. पण गडी पोशाखात शिरला आणि साक्रीच्या माळावर भोवळ येऊन आडवा झाला. शिवणारीने शिवलेलं अंगावर चढवलं आणि काम उरकून टाकलं. सासरा तेव्हा जिवंत होता. घरची सून सिनेमात नाचली हे त्याला कळलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून नाव लागलं झुलालचं. त्या नावावर झुलालने शाळांच्या किती गॅदरिंगांची उद्घाटनं केली, किती नारळ फोडले! आणि सुपडाबाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिली. नवरा गेला, सासरा गेला, तरी तिच्या वाट्याला टाळ्या वाजवणंच.

आता दुसरा भाग निघाला होता. तोच माळ, पाण्याच्या जुन्या टाकीचं तेच यान, आत घामाने निथळणारी तीच बाई.

"पोस्टरं छापून झाली, अक्का," प्रेमराजशेठ म्हणाला. "लोकांना झुलालच माहीत. आता मध्येच दुसरं नाव टाकलं तर धंद्याची वाट लागेल."

झुलाल मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना मुलाखत देत होता. ती अर्धी सोडून तो आला. "वहिनी, आपलं घर एकच शे. नाव मन्हं काय, तुन्हं काय!"

"एकच शे ना? मंग मन्हं टाका."

झुलालचं तोंड एवढंसं झालं. पण शेठने नकाराची मान हलवली ती हलवलीच. पाव्हणा म्हणजे झुलाल, विषय संपला.

सुपडाबाई उठली. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि त्या संतापातच तिने डोकं चढवलं. काम अर्धवट टाकून जाणाऱ्यातली ती नव्हती. पण गप्प बसणारीही आता राहिली नव्हती.

प्रसंग बोळवणीचा होता. पाव्हणा मंगळावर परत निघालाय, गाव निरोप द्यायला जमलंय. गावकरी म्हणून शेतातून आलेली बाया-माणसंच उभी केली होती. त्यांना कुणी काही समजावलं नव्हतं. सिनेमात सरपंच झालेले जीवरामआबा पुढे आले, हातात पाव्हण्यासाठी टोपी आणि टॉवेल.

पाव्हण्याने टोपी हाताने बाजूला सारली. टॉवेलही. जीवरामआबा गोंधळून भूषणकडे बघायला लागले. मग पाव्हण्याने दोन्ही हातांनी पोटावरचं चंदेरी कापड ओढून पुढे धरलं आणि तसाच उभा राहिला.

शेठ कॅमेरा बंद करायला ओरडणार, तोच बायांतून धुरपताबाई पुढे घुसली. कपाळावर आडवं कुंकू, पदरात शेतातून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा.

"ओ माय! हाई ते बाई शे वं! सासरले जाई ऱ्हायनी आनं तिले टोपी देतस का रे?"

तिने सीनसाठी आणलेल्या आरतीच्या ताटातलं कुंकू थर्माकोलच्या कपाळाला लावलं आणि ओंजळभर शेंगा त्या कापडात घातल्या. मग एकेक बाई पुढे आली. कॅमेरा चालूच होता, भूषणला तो बंद करायचं भानच नव्हतं.

सगळ्या झाल्यावर सुपडाबाईने एका हाताने ओटी सांभाळत दुसऱ्या हाताने डोकं उतरवलं. केस कपाळाला चिकटलेले, आणि कपाळ मोकळं. बाया थबकल्या. नवरा गेल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती. आता काय होईल ते होऊ दे, असं मनाशी म्हणत ती ताठ उभी राहिली.

धुरपताबाईने त्या कपाळाकडे नीट पाहिलं. मग पदरात हात घातला, उरल्यासुरल्या शेंगा काढल्या आणि त्याही ओटीत टाकल्या.

"पुन्हा घ्या सीन!" शेठ ओरडला. "ते सगळं खाली ओता, आणि टोपी द्या!"

"भरेल ओटी कोनी परत लेस का रे भो?" धुरपताबाई खवळली, आणि बाया कॅमेऱ्यापुढे भिंतीसारख्या उभ्या राहिल्या.

शेठने झुलालकडे बघितलं. झुलाल केव्हाचा मागे सरकला होता. "शेठ, मन्हं नाव काढी टाका. गावले काय सांगू, मन्ही ओटी भरी म्हनीसन?"

बाया फिदीफिदी हसल्या. शेवटी शेठने भूषणला नाव लिहून घ्यायची खूण केली. भूषण सुपडाबाईजवळ गेला.

"अक्का, पूर्ण नाव सांगा."

तिने सांगितलं. सासरचं नव्हे, बापाचं. मग शेंगांची ओटी दोन्ही हातांनी धरून ती गाडीकडे चालू लागली. पाव्हण्याचं डोकं मागे दगडावर राहिलं होतं. ते उचलायला प्रेमराजशेठला स्वतः जावं लागलं.