उन्हात ओढलेलं दार

भानुमतीबाईंनी सुनेच्या मदतीने पाटा उचलला. कालपासून त्याच्याखाली मुकाट पडलेलं फायबरचं दार मधोमध पुन्हा होतं तेवढंच फुगलं.

"मेल्याला लाज नाही!"

"आई, दाबून काय होणार? ओढ त्याच्या आत आहे," मार्तंड वैतागून म्हणाला. "रेझिन घट्ट होताना तापतं, मग आकसतं. आतलं काचेचं कापड आकसत नाही, ते अडवून धरतं. त्यात वरची बाजू आधी घट्ट झाली. खालची मागाहून आकसली, तिने सगळं आपल्याकडे ओढलं. पण साचा तर मी ओसरीत सावलीला ठेवला होता!"

अंबिका पदर तोंडाला लावून तुळशीकडे बघू लागली. सासूबाईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं.

छावणीजवळच्या एका वसतिगृहाला अशी बारा दारं हवी होती. नमुना परवा दाखवायचा. पसंत पडला तर मार्तंडचा कारखाना चालणार, नाहीतर मोठ गावी सासऱ्याच्या आडतीवर बसायचं. सासऱ्याच्या! आमच्याकडचे पुरुष सासुरवाडीत पाणीसुद्धा दोनदा आग्रह झाल्यावर पितात, असं भानुमतीबाई लक्ष्मी गेटच्या अख्ख्या मोहल्ल्यात सांगून बसल्या होत्या.

मार्तंडने दारावरून हात फिरवला आणि तो थबकला. कोपऱ्यात, रेझिनमध्ये गच्च रुतलेला, कुरडईचा तुकडा.

"आई, कुरडया अंगणात होत्या ना?"

"होत्या. तुझा साचाही होता. सावलीत असलं जाडजूड कधी वाळतं का? ओढला मी उन्हात. हिने दुसरी बाजू धरली."

"अम्माजी, मैं तो मना कर रही थी..."

"तू गप्प बस!" मग त्या मार्तंडकडे वळल्या. "पापड कडक उन्हात वाकडे होतात, म्हणून मी सावलीत घालते. तुझं दार पापडाच्या जातीचं आहे, हे आधी सांगायला तोंड नव्हतं?"

मार्तंडने कपाळावर हात मारला. हसावं की रडावं, त्याला कळेना.

"बसलास काय? दुसरं ओत. नि घाई करू नकोस."

या वेळी त्याने रेझिन घट्ट करणारं हार्डनर बेताचं घातलं. भानुमतीबाई पाट घेऊन ओसरीत साच्याशेजारी बसल्या. जेवणही तिथेच मागवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्तंडने दार काढलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोरी सगळीकडे टेकली.

"आता ऊठ ना, आई."

"अजून अकरा दारं व्हायची आहेत," त्या पाटावरून न हलता म्हणाल्या. "साच्याला कोण हात लावतं, बघतेच!"

अंबिका पुन्हा तुळशीकडे बघू लागली.