चार स्वर खाली

शहागंजातल्या त्या दुकानात फेरीवाल्यांच्या गाड्यांसाठी आरोळ्या तयार होत. कांदे असोत, चादरी असोत की भंगार, आवाज सुयशचाच असे. फक्त तो कुणाला ओळखू येत नसे. नववीतच शाळा सुटलेला सुयश चार माणसांत तोंड उघडायला लाजायचा, त्याचा आवाज बारीक होता, पण कॉम्प्युटरवर तोच आवाज चार स्वर खाली आणून वेग थोडा कमी केला की कुणी पन्नाशीचा भारदस्त माणूस बोलतोय असं वाटे. रस्त्यावरून आपलीच आरोळी जाताना ऐकली की सुयश मान खाली घालून चालू लागे.

फुलंब्रीहून बानाबाई आल्या, त्या मोबाइलचं मेमरी कार्ड पदराच्या गाठीत बांधून. घर मेंढरं राखणारं. नवरा कडूबा उन्हाळ्यात वारला होता. संध्याकाळी मेंढरांना बोलवायची त्याची एक साद तेवढी त्या कार्डात उरली होती.

"फोनमधी मालक लई घाईत असल्यावानी वाटतं, बाळा," लेकरापुढं कसला संकोच म्हणून डोक्यावरून घसरलेला पदर तसाच खांद्यावर ठेवून त्या म्हणाल्या. "आवाज बारीक येतो. मेंढरं नुसती कान टवकारत्यात, येत नायत. जरा सावकाश कर, जड कर. भोंग्यावर लावीन म्हणते."

"व्हय मावशी," एवढंच सुयश बोलला.

आधी प्रत काढायची आणि मग हात लावायचा, हा दुकानातला पहिला धडा. पण बानाबाई समोर बसून त्याच्या बोटांकडे टक लावून बघत होत्या, त्यांच्या नजरेनं तो गोंधळला आणि त्यानं कार्डावरची मूळ फाइलच उघडली. साद दोन-तीनदा ऐकली, वेग कमी केला, आवाज खाली आणला, आणि सेव्ह होता होताच वीज गेली. वीज आली तेव्हा बानाबाई भाजी घ्यायला बाहेर गेल्या होत्या, आणि फाइलमध्ये नुसती खरखर होती.

सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं दार लोटलं, माइक जवळ ओढला आणि कानात बसलेली ती साद स्वतःच घातली. "हाऽऽ यो, यो, यो!" चार स्वर खाली. थोडी सावकाश. बानाबाईंनी परत येऊन ती ऐकली, डोळे पुसले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली सुयशला मान वर करता आली नाही.

आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"सगळी आली बघ बाळा, पहिल्याच हाकेला! अन् शेवटी त्यांचा खोकलाबी कसा जसाच्या तसा ठेवलास."

मूळ सादेत खोकला नव्हता. सुयशनंही घातला नव्हता. त्यानं स्वतःजवळची फाइल उघडून शेवटपर्यंत ऐकली. साद संपली, क्षणभर शांतता होती, आणि मग कुणीतरी कोरडं खोकलं. त्यानं केलेले सगळे बदल काढून टाकले. आता त्याचा स्वतःचा बारीक आवाज यायला हवा होता. आला तो तसाच जड.

दुसऱ्या दिवशी चादरींची आरोळी घेताना दुकानाचे मालक इंद्रजीतभाऊ हसले. "काय रे, आवाजाला मिशा फुटल्या का तुझ्या? राहू दे, आज खाली आणू नको. असाच झकास आहे."

रविवारी सुयश फुलंब्रीच्या बसमध्ये बसला. वाटभर तो एकच वाक्य मनात घोकत होता. मावशी, तो आवाज माझा आहे. ते बोलून टाकलं की त्या शिव्या देतील, रडतील, काहीही करतील, पण निदान त्यांच्या मेलेल्या माणसाच्या जागी आपण उभे राहिलो ही लाज तरी उतरेल, असं त्याला वाटत होतं.

बानाबाई झोपडीपुढं पाठमोऱ्या बसून बाजरी निवडत होत्या. शेजारी जाळीच्या कुंपणात मेंढरं दुपारच्या उन्हात माना टाकून पडली होती.

"मावशी," सुयश म्हणाला.

मेंढरं एकदम उठली आणि सगळीच्या सगळी त्याच्या बाजूला येऊन जाळीला भिडली.

"तो आवाज माझा आहे."

बानाबाईंनी वळून पाहिलं नाही. फक्त खांद्यावरचा पदर दोन्ही हातांनी नीट डोक्यावर घेतला.

"व्हय, ठावं हाय मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हात-पाय धुवा तुम्ही. भाकर टाकते."

सुयश काहीतरी बोलणार होता, पण त्याआधी त्याला खोकला आला.